आंजीतला एस्टोनिया

३ नोव्हेंबर
एस्टोनिया. युरोपातला चिमुकला देश, लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास. आपला वर्धा जिल्हाही तेवढाच. मग तिथला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष आमच्या आंजी गावात का चालू नये? स्थापना केली. अध्यक्ष अर्थात मी. सरपंचपद यंदा महिला राखीव. म्हणजे खुर्चीत सौ. दीपमाला, खुर्चीमागे मी. सभासद तिच्या बचत गटातल्या बाया.

६ नोव्हेंबर
पहिलं व्याख्यान. समता, बंद चिठ्ठीने मतदान, शिवाय तिकडे बाई मंत्रालयात जाते तेव्हा नवरा घरी पोरं सांभाळतो, हेही रंगवून सांगितलं. टाळ्याच टाळ्या. पंचफुलाबाईने शेवटचा मुद्दा पुन्हा सांगायला लावला. बाई कामाची आहे. तिला चहापाणी खातं देणार.

११ नोव्हेंबर
काहीतरी शिजतंय. मी खोलीत शिरलो की बाया एकदम गप्प. कारण विचारलं तर दीपमाला म्हणाली, "काई नाई जी, वालाच्या शेंगायचं बोलून राह्यलो." शेंगांवर एवढा वेळ? विरोधी पॅनेलच्या प्रभाकररावांचा हेर पक्षात शिरला आहे. नक्की.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी
चौकात खुद्द प्रभाकरराव भेटले. जवळ येऊन हळूच म्हणाले, "प्रेमदास, घर सांभाळजो." उघड धमकी! अंगावर काटा आला. पानठेलेवाला कुंदन तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता माझ्याकडे बघत राहिला, मयताला आल्यासारखा. मी घाबरत नाही. फक्त बैठकीच्या खोलीला आतून जाड लोखंडी कडी बसवून घेतली.

१७ नोव्हेंबर
दीपमालाने नवी चप्पल आणली आहे. कशाला, म्हटलं. "आता लय चालाचं हाय," म्हणाली. मला झोप लागेल असं वाटत नाही. उद्या चिठ्ठ्या टाकून अध्यक्षाची रीतसर निवड, पण ती नावापुरती. एकमताने होईल. स्वतःला मत द्यायचं नाही असं ठरवलंय, शोभत नाही.

१८ नोव्हेंबर
एकमताने झाली. पंचफुलाबाई अध्यक्ष. माझ्या नावाची एकही चिठ्ठी निघाली नाही. बायकोचीसुद्धा नाही. फार लागलं मनाला. लगेच पहिला ठराव: उमेदवाराच्या नवऱ्याने ग्रामपंचायतीत पाय ठेवायचा नाही. मी ओरडलो. दीपमाला शांतपणे म्हणाली, "तुमीच सांगलं न जी, तिकडं असंच असते म्हणून. आता बाहेर बसा, बैठक चालू हाय."
ओसरीवर बसलोय. आतून हसण्याचा आवाज येतोय. दार ढकलून पाहिलं. कडी मजबूत आहे.