राग ठेवायची जागा

गुरुजी, कोणी लांब श्वास घेतला का माझा उजवा हात अजूनही आपोआप पुढं होते. मंग ध्यानात येते का आता छडी नाही, तुमी नाही, तेल्हाऱ्याकडची आपली दोन खोल्यांची शाळाही नाही. मी अमरावतीले फ्लॅटात बसली आहो आन् श्वास घेणारी माझी सून आहे. हात मांडीखाली लपवतो आन् वाट पाहतो. कायची वाट पाहतो ते तुमाले सांगाची गरज नाही, ही सवय तुमीच लावली.

आधी तुमची छडी सरळ यायची. चूक झाली का हातावर, मामला खतम. मंग तुमी कोणत्या तरी शिबिराले गेले आन् नाकाले अंगठा लावाले शिकून आले. तवापासून छडीच्या आधी टोपी काढून टेबलावर ठेवायचे, एक नाकपुडी दाबायचे, डोळे मिटायचे. सारा वर्ग चिडीचूप. श्वास जेवढा लांब तेवढी छडी जोरात, असं आमीच ठरवून टाकलं होतं. मले त्या नाकाची लय गंमत वाटे. एक दिवस तुमी बाहेर गेले तशी मी तुमची टोपी घातली, टेबलावर बसली, नाक दाबलं आन् घोरल्यासारखा आवाज काढला. पोट्टे हसून हसून लोळले आन् मंग एकदम गप झाले. दारात तुमी. "झालं काय तुयं?" तुमी विचारलं. मी म्हटलं, "हो गुरुजी." "मंग उतर खाली." मी उतरली, हात पुढं केला. तुमी नाक दाबलं. एक श्वास, दुसरा श्वास, हात दुखाले लागला तरी छडी काई येत नाही. शेवटी म्हणाले, "जा, बस." आन् बाहेर निघून गेले. थोड्या वेळानं शाळेमागच्या विहिरीचं चाक करकराले लागलं. मी खिडकीतून पाहून राह्यली, तुमी बादलीवर बादली उपसून राह्यले, रांजण भरला, उतू गेला, पाणी निंबापर्यंत वाहत गेलं, तरी तुमी ओतूनच राह्यले. मंग ओल्या बाह्यांनी आत आले आन् पाढे घेतले. माझ्याकडं पाह्यलंही नाही. मले मात्र चार दिवस झोप नाही. मारलं असतं तर सुटली असती. पण त्या दिवशी एक गोष्ट मले पक्की समजली, का राग नाकातून जात नाही, तो कुठंतरी दुसरीकडं जाते. त्यानंतर पोरींले मी रांजण पाहून सांगत जावो, आज गुरुजी कोणावर तरी लय चिडले होते.

आता सुनेचं आईका. पोरगा अकोल्याले नोकरीले आहे, तिथं एक खोली घेऊन राह्यते, शनिवारी येते. आमचे बुढे गेल्यापासून इथं आमी दोघीच. ती दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते. दिवसभर लोक तिच्या अंगावर ओरडतात, आन् घरी आली का मी. मी ओरडत नाही, मी चिमटे काढतो. आधी लय मजा यायची. मी म्हणावं, "भाजीत मीठ टाकलं काय व?" आन् तिनं म्हणावं, "तुमच्या जिभेवर एवढं आहे आई, भाजीत कायले टाकू?" असं दोघींचं जेवण व्हायचं. मंग तिचं डोकं दुखाले लागलं, डॉक्टर म्हणाला राग कमी करा, आन् ती सकाळी चटई गुंडाळून श्वासाच्या वर्गाले जाऊ लागली. मी म्हटलं, "झोपाले एवढ्या दूर कायले जाते, घरी जागा नाही काय?" तिनं डोळे मिटले. लांब श्वास घेतला. हळू सोडला. "येतो आई," म्हणाली आन् गेली. माझा हात पुढं तो पुढंच राह्यला.

तवापासून ती भांडतच नाही. मी मिठाचं काढलं का श्वास, टीव्हीचं काढलं का श्वास. मंग चावी घेते, "गाडी पुसून येतो," म्हणते, खाली जाते, आन् हसऱ्या तोंडानं वर येऊन विचारते, चहा ठेवू काय. मले हे काई चांगलं लक्षण वाटलं नाही. माणूस भांडते तवा त्याले तुमच्यासंगं राहाचं असते. जे माणूस भांडाचं सोडते त्यानं मनात काईतरी ठरवलेलं असते. आन् एक दिवस ती फोनवर पोराले म्हणून राह्यली होती, "आईचं काय ते ठरवून टाका आता. मी शांतपणेच बोलून राह्यली." पोरगा मांगंच म्हणाला होता, आईले अकोल्याले नेतो माझ्याजवळ. तो सकाळी जाईन ते राती येईन. त्या खोलीत मी कोणाले चिमटे काढू, भिंतीले?

म्हणून मी तपास सुरू केला. तुमचा रांजण होता, हिचा कुठं आहे? भांड्यांले पोचे पाह्यले, नाही. पोळ्या तशाच गोल. एकच गोष्ट सापडली. ती रोज गाडी पुसून येते, पण सीटवर बोटानं नाव लिहिता येईन एवढी धूळ. परवा संध्याकाळी मी मुद्दाम म्हटलं, "त्या वर्गातल्या बाईनं स्वयंपाकही सोडाले सांगतलं वाटते." श्वास, चावी, गाडी. मी कचऱ्याची बादली घेतली आन् तिच्या मांगं जिना उतरली, खांबाआड उभी राह्यली. ती उभ्या गाडीवर एकटीच बसली होती. डोक्यात हेल्मेट, काच खाली. आन् आतून आवाज, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा.

"घेऊन जातो म्हणे आईले! हिच्या गोळ्या कोण पाहीन तिथं, तुमी? गॅस बंद करत नाही ते कोण पाहीन? काई जात नाही बुढी कुठं. बारा महिने माझ्याच उरावर राहीन. मेली तरी भाजीत मीठ नाही म्हणून उठून बसन."

गुरुजी, कचरा टाकाचं मी विसरूनच गेली. एवढं गोड मले इतक्या वर्षांत कोणी बोललं नाही. मी तशीच वर आली. ती आली, तोंड धुतल्यासारखं शांत. "चहा ठेवू काय आई?" मी म्हटलं, "ठेव. गाडी पुसली काय?" "हो." "चांगली गोष्ट आहे," मी म्हटलं. शनिवारी पोरानं अकोल्याचं काढलं तर ती म्हणाली, "नाही जमत," आन् ताटात पोळी वाढली.

श्वासावर माझा अजून भरोसा नाही. दाराबाहेर जायपर्यंत तो राग धरून ठेवते, एवढंच मी कबूल करीन. तुमाले तरी त्यानं विहिरीपर्यंत नेलं, हे मले आता दिसते. नाही तर ते सारं पाणी माझ्या हातावर आलं असतं.

तुमी तर आता नाही, हा कागद कुठं धाडता येत नाही आन् कोणी वाचणार नाही, म्हणून जे सुनेले सांगतलं नाही ते लिहूनच टाकतो. ज्या दिवशी ती खाली जात नाही, त्या दिवशी मले करमत नाही. मंग मी वरणाले नाव ठेवतो. ती डोळे मिटते, चावी उचलते. आन् ती जिना उतरली का मी गॅलरीचं दार हळूच उघडतो. वरून शब्द समजत नाही, पण सूर समजते.