काळ्या मातीवरची सही

५ जानेवारी
मयूरीच्या बुटांची माती खरवडण्यात सकाळ गेली. उमरखेडात ताईला वाटतं, लेक माझ्याकडे बँकेच्या परीक्षेसाठी राहते. परीक्षा आहेच, रविवारी. लोहाऱ्याच्या पुढे, कापसाची पऱ्हाटी उपटलेल्या वावरात, मोटरसायकल रेसची राज्य फेरी. पहिल्या तिघांत आली तर राष्ट्रीय संघ. "मावशी, याच साली होईन तं होईन."
मीही अडकले. रेस भरवणाऱ्या संघटनेला स्थानिक निरीक्षक हवा होता, माझं नाव टाकलं. शाळेत मराठी शिकवणारी बाई. सहीला बरी.

७ जाने.
अध्यक्षांची व्हिडिओवर बैठक. ते पुण्यात, मागे ट्रॉफ्यांचं कपाट. मयूरीची गाडी बांधणारे हनीफभाई माझ्या शेजारी. त्यांनी विचारलं, "साहेब, मुरूम कधी टाकता? नुसत्या काळ्या मातीत चाक धरत नाही."
अध्यक्ष म्हणाले, "काळा रंग सुंदर आहे हो! ड्रोनमधून काय दिसेल!"
स्क्रीन बंद झाल्यावर हनीफभाई : "या माणसाची चप्पल कधी काळ्या मातीत फसली नाही वाटते, ताई."
हसलो दोघं. हसण्याऐवजी भांडायला हवं होतं.

१० जाने.
मुरूम टाकायचं काम अध्यक्षांच्या मेहुण्याला. ट्रक आल्याचं ऐकलं. मधल्या सुट्टीत संघटनेचा माणूस शाळेत फॉर्म घेऊन हजर. 'संपूर्ण ट्रॅकवर मुरूम अंथरला असून ट्रॅक सुरक्षित आहे.' खाली माझं नाव.
"पाहून येते, मग करते."
"मॅडम, आत्ता सही नाही तर फेरी पुण्याला हलवतो."
मयूरी पहाटे चारला उठून पळायला जाते, ते डोळ्यांसमोर आलं. केली सही.
रेसच्या आदल्या दिवशी हनीफभाई पूर्ण ट्रॅक अनवाणी चालतात. "बूट खोटं बोलते, तळवा नाही बोलत." संध्याकाळी मलाही बोलावत होते. वह्या तपासायच्यात म्हटलं. खरं म्हणजे सही झाली होती, आता वाईट काही दिसायला नको होतं.

११ जाने.
मुरूम होता, पाहुण्यांच्या मंडपापुढे आणि पार्किंगमध्ये. ट्रॅकवर चिमूटभर नाही.
हनीफभाईंनी काल सांजेला पाणी शिंपडून ठेवलेलं. रात्रभर मुरलं की माती बसते. तरी सकाळी थोडी धूळ उडाली आणि अध्यक्षांच्या पांढऱ्या सोफ्यावर पडली. रेसच्या दहा मिनिटं आधी त्यांनी टँकर फिरवायला लावला. हनीफभाई टँकरला आडवे गेले, "अबे, आता पाणी कायले मारता? मातीचा निसता गारा होते, चिखल!" दोघांनी धरून बाजूला केलं. मी मंडपात. गळ्यात निरीक्षकाचा बिल्ला.
तिसऱ्या फेरीत मयूरी पुढे होती. वळण. मग गाडीचं चाक वर दिसलं, आणि ती दिसेना.
आणखी दोघं तिथंच घसरले. ते उठले. हिचं खांद्याजवळचं हाड मोडलं.
ताईला फोन केला. काय बोलले आठवत नाही.

१४ जाने.
संक्रांत. उजवा हात गळ्यात, म्हणून तीळगूळ मी भरवला. दुपारी संघटनेचं पत्र. चौकशी पूर्ण (कोणी केली? कुठे?). चूक चालकाची, धोकादायक चालवणं, रेसचं लायसन्स एका वर्षासाठी बंद. हरकत असल्यास आठ दिवसांत कळवा.
पुरावा म्हणून एकच कागद जोडलाय. माझा. ट्रॅक सुरक्षित होता, म्हणजे चुकली तीच.
मयूरीनं दोनदा वाचला. "मावशी, तू चालली होती का ट्रॅकवर?"
"नाही."
"मंग सही कायले केली?"
ओरडली असती तर बरं झालं असतं.

१६ जाने.
अध्यक्षांना फोन. "ट्रॅक उत्तम होता, मी स्वतः मंडपातून पाहत होतो. आणि मॅडम, सही तुमचीच ना?"
फोन ठेवला. लगेच हनीफभाईंना लावला, उद्या ट्रॅकवर येते म्हटलं.

१७ जाने.
हनीफभाईंबरोबर ट्रॅकवर गेले. चप्पल काढली. चिखल वाळून दगड झालाय, चाकांच्या खाचा तशाच. टाचांना टोचलं. टँकर वळला ती जागा पायानं ओळखता येते. हनीफभाई पुढे चालत होते.
घरी येऊन संघटनेला हरकतीचं पत्र लिहिलं : 'मी न पाहता सही केली. ट्रॅकवर मुरूम नव्हता.' एवढंच. पाकिटात घातलं.

१९ जाने.
मयूरी म्हणते पाठवू नको. "तुह्यी नोकरी जाईन. अन् रेस इथं पुन्हा येणार नाही. माह्यं एक साल गेलं तं गेलं, बाकीच्या पोरी कुठं जातीन? पुण्याला कोण धाडते त्याईले?"
"आणि पुढच्या साली त्याच वळणावर दुसरी पडली तर?"
तिनं डाव्या हातानं टीव्हीचा आवाज वाढवला.
दुपारी संघटनेचं टपाल. पुढच्या फेरीसाठी ट्रॅक सुरक्षित असल्याचा फॉर्म. वावर अजून ठरायचंय. तारीख कोरी. पेन्सिलनं फुली मारलीय, सही इथे.
तो फॉर्म माझ्या पाकिटाशेजारी ठेवला. मयूरी आली, फुलीवर डाव्या हाताचं बोट ठेवलं. मग म्हणाली, "पोस्ट कधी बंद होते?"
पाचला. आत्ता सव्वाचार. ती दारात बसून एका हातानं बूट चढवतेय.