त्या दोन टक्क्यांसाठी

मी, खाली सही करणारी, वय एकोणसाठ, अविवाहित, व्यवसायाने वेबसाइट बनवणारी, लिहून ठेवते की माझे हृदय कमजोर असले तरी डोके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली केलेले नाही. दडपणाखाली वागायची मला सवयच नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या धाकट्या भावाला मिळावी. तिशीत त्याची दृष्टी गेली, तेव्हापासून तो माझ्याजवळ आहे. चुलतभावाने यात हक्क सांगू नये. ‘ही नुसती बटणं दाबते’ असे तो चारचौघांत म्हणाला होता.

२. माझे सात जुने कॉम्प्युटर, प्रत्येकात वेगळा ब्राउझर. तेच पान एकात नीट दिसते, दुसऱ्यात बटण रकान्याखाली दडते, तिसऱ्यात तारीखच निवडता येत नाही. नियम सगळ्यांना एक, पाळतो मात्र जो तो सोयीने. यांच्याशी भांडण्यात माझे केस पिकले. ते माझ्या सहकारिणीला, ‘भिंग’ला, द्यावेत. तिच्या नजरेतून चूक सुटत नाही. भंगारात घालू नयेत.

३. रुग्णालयाच्या नावनोंदणीचा अर्ज. याबद्दल सविस्तर लिहिते.

रुग्णालयात मी एकोणीस वर्षे नोकरी केली. ‘ही वेबसाइट अमुकच ब्राउझरमध्ये उघडा’ ही पाटी तिथे पहिल्यांदा मीच लावली होती. तेव्हा कामाचा कंटाळा आला होता, हे कबूल करते. पुढे विभागप्रमुखांनी बाहेरून नवा, चकचकीत अर्ज करून आणला. भावाला तपासणीची वेळ घ्यायची होती. त्याचा कॉम्प्युटर पान वाचून दाखवतो. नव्या अर्जात अक्षरांच्या जागी नुसती चित्रे होती; त्या दिवशी कॉम्प्युटर फक्त ‘चित्र, चित्र, चित्र’ म्हणत राहिला. दोन तासांनी भावाने मला कामावर फोन केला.

“ताई, तुझ्या दवाखान्याला दारच नाही गं.”

मी तडक प्रमुखांकडे गेले. असे लोक दोनच टक्के आहेत, त्यांच्यासाठी किती थांबायचे, असे ते म्हणाले.

“त्यातला एक माझ्या घरी जेवतो,” मी म्हणाले.

अकरा रविवार खपून मी साधा अर्ज लिहिला, सातही कॉम्प्युटरवर भावाकडून भरून घेतला आणि परवानगी न घेता वेबसाइटवर चढवला. नोकरी गेली. त्यांनी तो उतरवलाही; पण रुग्णांनी तक्रारींचा असा भडिमार केला की पंधरवड्यात गुपचूप परत लावावा लागला. आजही तोच चालतो. तो मी सर्वांना खुला करते, कोणीही वापरावा.

४. त्या अर्जाखाली प्रमुखांनी स्वतःचे नाव घातले आहे. ते राहू द्यावे. मात्र माझ्या शोकसभेत त्यांनी बोलू नये. नोकरी वाचवायला त्यांनी मागितलेला माफीनामा मी तेव्हा लिहून दिला नाही, आताही देत नाही.

५. भावाला साक्षीदार व्हायचे होते. ज्याला मालमत्ता मिळते त्याची साक्ष घेऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. “मग मी नुसता बसतो,” तो म्हणाला. मी मोठ्याने वाचत गेले, तो ऐकत गेला. दोन ठिकाणी त्याने माझे व्याकरण सुधारले.

साक्षीदार: आमचे डॉक्टर (सही), खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई (सही)
स्थळ: राहते घर
दिनांक: अकरा ऑगस्ट
लिहून ठेवणार: भावाची ताई (सही)