खालच्या दोन ओळी

१२ फेब्रुवारी

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा तसाच. मी ठणठणीत आहे, हॉस्पिटलचं तोंडही पाहिलेलं नाही, हे तुला एव्हाना कळलंच आहे. मेलवर आता तू विश्वास ठेवणार नाहीस, म्हणून हाताने लिहितोय. अक्षर तरी ओळखशील.

परवा तू फोन करून "दादाचं ऑपरेशन कधी?" असं विचारलंस, तेव्हा कुठे माझ्या मेलमध्ये चोर शिरल्याचा आम्हाला पत्ता लागला. महिन्यापूर्वी 'तुमची मेलपेटी भरली आहे' असा निरोप आला होता. खाली पासवर्ड मागितला होता, तो मी चष्मा पुसून, एकेक अक्षर तपासून दिला. अकरा वर्षं तोच पासवर्ड. पोराने दोनदा बजावलं होतं, बाबा, मोबाइलवर कोड येईल असं करून घ्या. मी म्हणालो, "माझ्या मेलमध्ये आहे काय, विजेची बिलं? चोर आला तर जांभया देत परत जाईल." शिवाय अँटिव्हायरस होता, चांगला विकत घेतलेला. स्क्रीनच्या कोपऱ्यात त्याची हिरवी खूण दिसली की मला बरं वाटायचं.

तीस वर्षं बॉयलर तपासले मी. काटा हिरव्यात दिसला तरी झडप हाताने उघडून बघायची, हे नव्या लोकांना मीच शिकवलं. घरी मात्र खूण बघून चहा पीत बसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तू हसलीस तरी हरकत नाही. मला हसू येत नाही, रडूही येत नाही. जेवतो, झोपतो, पेपर वाचतो.

ऑपरेशनसाठी म्हणून तू पाठवलेले आणि चोराने लाटलेले पैसे पोराने तुझ्या खात्यात भरले आहेत. तो विषय संपला.

काल तू वहिनीला म्हणालीस, "म्हणजे मेलमधली माफीही त्या चोराचीच. आठ वर्षांनी दादाला मी आठवले म्हणून दिवसभर रडले, ते फुकटच." तिने मला ते जसंच्या तसं सांगितलं. मी बरं म्हणालो आणि भाजी निवडायला घेतली.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तुझे यजमान गेले त्याच आठवड्यात मी ते पत्र कॉम्प्युटरवर लिहिलं होतं. अबोला त्यांच्याशी होता, तुझ्याशी नव्हता, तरी मी आलो नाही, चुकलो, हे सगळं. पाठवायचं बटण तेवढं दाबलं नाही. आधी तू फोन करावास, असं वाटत राहिलं. मग लाज वाटायला लागली. न पाठवलेल्या मेलमध्ये ते तसंच पडून होतं. चोराला सापडलं. त्याने खाली दोन ओळी जोडल्या, हॉस्पिटलची आणि पैशांची, आणि पाठवून दिलं.

त्या दोन ओळी त्याच्या. वरचं सगळं माझं आहे, चिमे.

तेव्हा न आलेला,
तुझा दादा