गाळणी

२ सप्टेंबर, सोमवार
नवी नोकरी, नवी खोली. तिसरा मजला, खाली शिंप्याचं दुकान. त्याचं मशीन थांबलं की रेडिओ ऐकू येतो. टेबल भिंतीला, खिडकी डावीकडे, इंटरनेट चांगलं. आधीच्या, सर्किट तपासण्याच्या नोकरीत रोज नोंदी ठेवायची सवय लागली, म्हणून ही वही. पडद्यावरचं खोडता येतं, शाईचं नाही.

काम असं: अकरावी-बारावीच्या मुलामुलींना पुढे काय शिकायचं, काय व्हायचं, हे ऑनलाइन भेटून ठरवायला मदत करायची. पहिल्या सत्रात मला एकच विद्यार्थिनी. आईने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. मी म्हटलं, शेळी एकच आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार
विद्यार्थिनी बारावीची. सतत पेन्सिल चावते म्हणून घरी तिला खारूताई म्हणतात. मीही तेच म्हणावं, असा तिचा हुकूम. मला हसवणं सोपं नाही. तिला तीन मिनिटं लागली. तिने आमच्या समन्वयक बाईंची नक्कल केली. बाईंची कॉलर आणि हसू दोन्ही इस्त्री केल्यासारखं दिसतं. मीही आता त्यांना मनात इस्त्रीबाईच म्हणते.

संस्थेची पद्धत सोपी आहे. विद्यार्थी आपल्याला येणाऱ्या, आवडणाऱ्या बारा गोष्टी लिहितो. दर शुक्रवारी दुपारी बाराला मार्गदर्शक एक गोष्ट गाळतो आणि एका ओळीत कारण देतो. शेवटी उरते ती निवड. या पडद्याला गाळणी म्हणतात. आधीच्या मार्गदर्शकाने खारूताईच्या पाच गोष्टी गाळल्या होत्या. सात उरल्यात: चित्रं, नकला, प्राण्यांची डॉक्टर, बेकरी, पूल बांधणं, धावणं, आकडेमोड.

इस्त्रीबाईंचं म्हणणं, एक ना धड भाराभर चिंध्या, असं मुलांचं होतं. निवड स्वच्छ असावी. मला ते पटलं.

६ सप्टेंबर, शुक्रवार
खारूताईचा काही गाळायला जीव होईना. तिला दाखवायला मी सराव यादी उघडली. नाव हवं होतं, मी माझं खरं दिलं. खोटी माहिती भरायची सवय नाही. गोष्टीही खऱ्या, अकरा: गाणं, पोहणं, स्कूटर, शिवण, नकाशा वाचणं, सोल्डरिंग, स्वयंपाक, पाढे, चेहरे लक्षात ठेवणं, वाचणं, लिहिणं. मग गाणं गाळलं. कारण: गळा बेताचा.

तिला धीर आला. बाराला आम्ही तिची चित्रं गाळली. कारण मीच लिहिलं: हौस म्हणून राहतीलच.

९ सप्टेंबर, सोमवार
खालचा रेडिओ बिघडलेला दिसतो. गाण्याच्या जागी कोणी सूचना वाचून दाखवावी तसे नुसते शब्द.

संध्याकाळी आईने फोनवर काहीतरी म्हटलं आणि ओळखलंस का, विचारलं. मला लहानपणी रोज म्हणून झोपवायची, ते होतं म्हणे. मला शब्द कळले. बाकी काही नव्हतं.

११ सप्टेंबर, बुधवार
खारूताईच्या मागच्या भिंतीवर कावळ्याचं मोठं चित्र आहे. छान आहे म्हटलं, तर कोणी काढलंय कोण जाणे, म्हणाली. खाली तिची सही आहे. पेन्सिल घेऊन साधा गोल काढ म्हटलं. तिने पेन्सिल मुठीत धरली, काठी धरावी तशी, आणि ताई, हिचं काय करतात, असं विचारलं. थट्टा करत नव्हती.

ते गाळण्याचं कारण माझ्या अक्षरात नसलं तरी माझ्या नावावर आहे. हौस म्हणून राहतीलच.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
आज काहीही गाळलं नाही. पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले. बाराला नकलांवर आपोआप रेघ आली. कारणाच्या रकान्यात, माझ्या नावाने: पोट भरत नाही.

मी तिला इस्त्रीबाई कर म्हटलं. तिने विचारलं, म्हणजे काय करू.

मग खऱ्या इस्त्रीबाईंना व्हिडिओ कॉल लावला. माझं शांतपणे ऐकून त्या म्हणाल्या, निवड स्वच्छ असावी. राजीनामा देते म्हटलं, तरी तेच. शेवटी विचारलं, बाई, तुम्ही जेवलात का? बराच वेळ हसत राहिल्या. प्रश्नच पोचला नव्हता. मग पुन्हा, निवड स्वच्छ असावी. त्याही या गाळणीतूनच आल्यात. त्यांच्यात एवढंच उरलंय.

खारूताईला मी असं होऊ देणार नाही. लिहून ठेवते.

१६ सप्टेंबर, सोमवार
सूचना आली: अंतिम टप्पा, आता रोज एक. बेकरी गेली. चार उरल्या.

नियमपुस्तिका दोनदा वाचली. कलम एकोणीस: सत्राअखेर यादीत एकाहून अधिक गोष्टी उरल्यास यादी रद्द, आणि मूळ बाराच्या बारा विद्यार्थ्याला परत. सत्र संपतं शुक्रवारी, वीस तारखेला, दुपारी बाराच्या रेघेनंतर. यादीत नवं काही भरता येत नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार
काल धावणं, आज प्राण्यांची डॉक्टर. दोन उरल्या: पूल आणि आकडेमोड.

पण एका मार्गदर्शकाच्या दोन याद्या असतील, तर एकीतली ओळ दुसरीत हलवता येते. माझ्या दोन आहेत, तिची आणि माझी सराव यादी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. या वेळी ते कामी आलं. माझं पोहणं तिच्या यादीत हलवलं. तीन.

खारूताईने आश्चर्याने सांगितलं, ताई, पाण्यात श्वास कधी घ्यायचा ते मला कळलंय, मी तर कधी उतरले नाही. मी बादलीत तोंड बुडवून पाहिलं. घाबरून उठले.

म्हणजे चालतं.

१९ सप्टेंबर, गुरुवार
संस्थेला कळलं. आज तीन रेघा: सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मीही तीन दिल्या — स्कूटर, शिवण, नकाशा. तीनच्या तीन राहिल्या. सदऱ्याचं बटण तुटलंय. सुई हातात घेऊन बसले आणि ठेवून दिली.

इस्त्रीबाईंचा निरोप: तुमचीही निवड स्वच्छ होत आहे, अभिनंदन. उत्तर पाठवलं की अभिनंदन उद्या बारानंतर स्वीकारीन.

२० सप्टेंबर, शुक्रवार
८.४०. आज नऊपासून दर अर्ध्या तासाला रेघ. बारापर्यंत सात. पाढे आहेत तोवर हिशेब: तीन अधिक माझ्या सहा, उणे सात. दोन. पुरतात. एकही कमी चालणार नाही.

क्रम ठरवला. लिहिणं शेवटी. हलवायच्या बटणावर लाल चिकटपट्टी लावली. पुढे वाचता येणार नाही.

९.१०. सोल्डरिंग दिलं. टेबलावर एक तापणारी दांडी आहे. माझीच असावी.

९.४०. स्वयंपाक.

१०.१०. पाढे. आता वहीवरच्या आकड्यांवर विश्वास.

आईचा फोन. सगळं सांगितलं नाही. म्हणाली, आवाज असा का, जेवलीस का. प्रश्न पोचला. नाही म्हटलं —

१०.४०. चेहरे. पडद्यावर एक मुलगी आहे. पेन्सिल चावतेय, म्हणजे तीच. रडत विचारते, ताई, थांबता का. नाही म्हटलं. तू बस तिथेच.

शेजारच्या चौकोनात कोणी बाई. कॉलर कडक. हसतेय. ओठ हलतात — आवाज बंद केलाय मी

११.१० असेल. वाचणं दिलं. वर काय लिहिलंय दिसतं, लागत नाही. हात लिहितो. हात अजून माझा

मुलगी सांगते साडेअकराची रेघ झाली. दोन उरल्या म्हणते. बारा वाजता एक जाईल. अजून एक हवी. आहे माझ्याकडे

बाई असू देत भाराभर चिंध्या. गोधडी चिंध्यांचीच होते. स्वच्छ काही नको आम्हा

खारूताई बाराला बारा परत आल्या की पहिली नक्कल माझी कर. मला ऐकू येईल. हसेन

लाल पट्टीवर बोट आहे. घाबरले नाही असं लिही
घाबरलेय. तरी दाबते. मी हे माझ्या हाता