घेवड्याच्या घरात घेवडा शिजला त्याची हकीकत

मानाच्या वन्संना,

तालासहून तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. घोडी, मेंढरं, लेकरं आणि भावोजी सुखरूप असतील अशी आशा करते. (क्रम तुमच्या डोंगराळ नारीनकडचाच आहे, मी फक्त पाळते.) गुडघा कसा आहे? कडा चढता येतो का? इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण पत्राच्या पहिल्या परिच्छेदात तसं लिहायची पद्धत नाही.

वसंतात हेडमास्तरांच्या साठीची मेजवानी झाली, त्यात काय घडलं ते उडत उडत तुमच्या कानावर आलंच असेल. आता नीट ऐका. गेली वीस वर्षं गावातल्या प्रत्येक मेजवानीत मांसाचं ताट वाटायला तुमच्या भावापुढे येतं. मेंढराचं कमरेचं हाड सगळ्यांत वडील माणसाला, शेपटीच्या मुळाचं मानाच्या म्हातारीला, आणि तिथून खाली उतरत उतरत पुढच्या पायाचं हाड पोराटोरांना. साठ-सत्तर माणसं, कुणाचं वय काय, कोण कुणाचा चुलता, कुणाची विहीण कुठे बसलीय, सगळं तोंडपाठ. आणि त्या दिवशी त्यांनी कमरेचं हाड ठेवलं हेडमास्तरांच्या जावयापुढे, जो बत्तीस वर्षांचा आहे आणि टायर विकतो. पोरांचं हाड गेलं पिवळ्या दरवाज्याच्या मामंजींपुढे. (सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं घ्यायची नसतात, म्हणून लिहीत नाही. तुम्ही ओळखलंत.) मामंजींनी हाड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “काय रे बाळा, मी आज दाढी घरी विसरून आलो की काय?”

सगळे हसले. तुमचे भाऊही हसले. पुढच्या मेजवानीत ताट जूमार्तपुढे गेलं. तो आमच्या गल्लीतला सव्वीस वर्षांचा मुलगा, मोबाइलवर यादी बघून हाडं वाटतो. तुमचे भाऊ दाराशी बसले आणि गालिच्याची नक्षी बघत राहिले. वन्सं, ते अजून पन्नाशीचे नाहीत. तुमच्या बाबांचं दुखणंही असंच पाहुण्यांची नावं विसरण्यापासून सुरू झालं होतं, हे घरात कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना आठवलं.

त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सबाईंनी, तोकतोबूबूंनी, पंचेचाळिशीच्या पुढच्यांची सभा बोलावली. विषय होता, मेंदू शाबूत ठेवणारा आहार. पालेभाज्या खा, अक्रोड खा, आंबट बोरं खा, मासे खा, घेवडा खा. चरबी, लोणी आणि तळण कमी करा. (सभेनंतर चहाबरोबर कणकेचे तळलेले बोरसोक आणि लोण्याचा डोंगर होता. मी नुसतं बघितलं, तर तोकतोबूबू म्हणाल्या, “आज सभा आहे गं, आहार उद्यापासून.”) मी मात्र यादी उतरवून आणली आणि चुलीवरच्या भिंतीला चिकटवली.

घेवडा वाचून मला हसू आलं. वन्सं, तुमच्याकडे जसे दगड, तसा आमच्याकडे घेवडा. पंचवीस वर्षं आम्ही तो पेरतो, खुरपतो, झोडपतो, पोत्यांत भरतो आणि परमुलखात पाठवतो. शिजवून बघितलेला माणूस गावात नाही. त्यामुळे तो रात्रभर भिजत घालायचा असतो, हे मला सांगणारंही कुणी नव्हतं. तीन तास उकळूनही तो छर्र्यासारखा राहिला. तुमच्या भावांनी वाडग्यात चमचा फिरवला, आवाज ऐकला आणि म्हणाले, “बर्मेत, हा विकायचा असतो.”

“आता खायचाही.”

“मग उद्या खत वाढशील?”

“मेंदूला चांगला असतो.”

“ज्यांना आपण विकतो, त्यांचे मेंदू चांगले असते तर इतक्या लांबून त्यांनी हा मागवला असता?”

पण खाल्ला त्यांनी. गेल्या वर्षीची पिवळी बोरं बर्फातून काढून दिली, तीही एक डोळा मिटून खाल्ली. पालक खाताना खिडकीतून मेंढरांकडे अशा नजरेने बघत होते, जणू त्यांची क्षमा मागताहेत. माशाबद्दल काही तक्रार नाही, कारण तो मांजराने नेला.

सहाव्या दिवशी शेजारीण चाळणी मागायला आली आणि तिने झाकण उचलून बघितलं. (आपल्याकडे दुसऱ्याच्या हंडीचं झाकण उचलायला परवानगी लागत नाही.) चाळणी न घेताच गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की या घरावर वाईट दिवस आलेत, विकायचा माल शिजवून खाताहेत बिचारे. सकाळी दारात मटणाची झाकलेली थाळी. दुपारी मेंढराच्या शेपटीची अर्धी चरबी. मी प्रत्येकीला सांगत होते, अगं, हे मेंदूसाठी आहे. तर माझ्याकडे जास्तच दयेने बघायच्या. आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी पिवळ्या दरवाज्याचे मामंजी स्वतः आले, दोरीला जिवंत मेंढा बांधून. तुमच्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मला काय माहीत बाळा, तू त्या दिवशी उपाशी होतास! रिकाम्या पोटी माणूस स्वतःच्या बापालाही ओळखत नाही.”

आता आलेल्या वडीलधाऱ्याला घेवडा कसा वाढणार? त्यांचाच मेंढा त्यांच्यासाठी कापला. तुमच्या भावांनी दोन्ही हातांनी कमरेचं हाड त्यांच्यापुढे ठेवलं, म्हातारे खूश होऊन गेले. मी म्हटलं, बघा, नाही चुकलं. तर म्हणाले, “पाच माणसांत मांजरसुद्धा चुकणार नाही.” अशा रीतीने या आहाराच्या पहिल्या दहा दिवसांत आमच्या घरात आलं एवढं मांस गेल्या दहा वर्षांत आलं नव्हतं.

परवा मी शेतात जेवण घेऊन गेले. ते खुरपत होते आणि दर सरीला एकेका वडीलधाऱ्याचं नाव आणि हाड म्हणत होते. मला बघून ओशाळले, मग म्हणाले, “विचार मला.” आता मी नावं कशी घेणार? मी विचारलं, नदीपलीकडचे, डाव्या कानाने कमी ऐकणारे? तर म्हणाले, “तसे दोन आहेत.” आम्ही दोघं हसलो. मग खुरपं टेकून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. शेवटच्या हिवाळ्यात बाबांनी त्यांना विचारलं होतं, पोरा, तू कुणाच्या घरचा? त्यांनी बसून सात पिढ्यांची नावं म्हणून दाखवली. बाबा नीट ऐकून म्हणाले, चांगलं घर आहे.

“माझं तसं झालं तर?” त्यांनी विचारलं.

“तर मी म्हणून दाखवीन.”

“तुला नावं घेता येत नाहीत, बर्मेत.”

मग आम्ही जेवलो. घेवडाच होता. आता मऊ शिजतो.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. माझं काही मागणं नाही, नुसती खुशाली कळवावी म्हणून लिहिलं.

तुमची,
बर्मेत

ता. क. तुमच्या एल्दियारच्या लग्नाचं आमंत्रण पोचलं. आम्ही नक्की येऊ. त्या दिवशी मांसाचं ताट वाटपासाठी सगळ्यांदेखत त्याच्या मामाच्या पुढे ठेवायला भावोजींना सांगाल का? मी सांगितलं असं म्हणू नका. आणि एखादं हाड इकडचं तिकडे गेलंच, तर तुमच्या खोऱ्यात अशीच रीत आहे असं मोठ्याने म्हणा. तुमच्यापुढे बोलायची कुणाची छाती आहे?

आणखी एक ता. क. रागावू नका. काल घरात कुणी नव्हतं. मी दार लावून तुमच्या घराण्याची सात नावं एकदा मोठ्याने म्हणून बघितली. छत कोसळलं नाही. फक्त चौथ्यापाशी अडले. तुमच्या भावांना विचारता येत नाही, म्हणून तुम्हाला विचारते : चौथे कोण?