गप्प झालो की पाय टाक

गिरीज, वसई
ता. १२ नोव्हेंबर १९५०

चि. मार्था हिस बेनेडिक्टकाकाचे अ. उ. आ.

तुझे पत्र पोचले. इकडे बरे आहे. केळीचे घड भरत आले. तुझ्या आईचे, रोझलीनवहिनींचे, गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांहून जास्त वहिनी. पण आजची बातमी वेगळीच आहे. तुझा भाऊ पोहू लागला!

मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात डोळे गेल्यापासून सहा वर्षे क्लेमेंट ओटीवर बसून आहे. उठायचे तर कुणाचा तरी हात हवा. एक दिवस मी त्याला म्हणालो की पाण्यात आपटायला ना उंबरा, ना खांब. मग त्याने विचारले, आपल्या बावखलात अजून दोन पुरुष पाणी असते का? मला वाडीतले ते तळे त्याच्या लहानपणासारखे दिसू लागले, काठोकाठ, निळ्या फुलांचे.

पहिले आठ दिवस पाठीला सुके भोपळे बांधले. आता तेही नाहीत. मी पायरीवर बसून शाळेतल्या कविता म्हणतो. तो आवाज पाठीशी धरून निघतो, पलीकडच्या जांभळाची मुळे हाताला लागली की वळतो आणि आवाजाच्या रोखाने परत येतो. पायरी जवळ आली की मी थांबतो. गप्प झालो की पाय टाक, एवढाच आमचा नियम. पाय टाकतो तो तळव्याखाली दगड! त्या वेळी त्याचा चेहरा तू पाहायला हवा होतास.

पाचूबंदरची भागूबाई मासळी घेऊन येते, ती टोपली उतरवून ऐकत बसते. म्हणते, मास्तरच्या कवितांनी पान्यातली मासळी बहिरी झाली.

बावखल आटले तरी तुझा लोभ आटू नये.

तुझा काका,
बेनेडिक्ट


मुंबई
ता. २६ नोव्हेंबर १९५०

ती. बेनेडिक्टकाकांस मार्थाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून वॉर्डातच रडले. मेट्रनने विचारले, घरी कोण गेले? मी सांगितले, गेले नाही, परत आले.

पण काका, दोन पुरुष पाणी आणि भरवसा तुमच्या कवितेचा? गेल्या नाताळात तुम्ही जेवणाआधीची प्रार्थना अर्ध्यावर सोडून आजोबांच्या घोड्याच्या गोष्टीवर गेला होता, आठवते ना? आमच्या इस्पितळात लष्करातले एक डॉक्टर आहेत. त्यांनी सांगितले की लढाईत डोळे गेलेले शिपाई विलायतेत पोहतात, शर्यती लावतात. पण पाण्यावर या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणलेला असतो. हाताला दोर लागला की आपण कुठे आहोत ते कळते. तेवढे कराच. आईला काळजी, मलाही.

तुमचा आशीर्वाद आहे तसाच राहू द्या.

आपली,
मार्था


गिरीज
ता. १४ जानेवारी १९५१

चि. मार्था हिस अ. उ. आ.

तुझा निरोप क्लेमेंटला वाचून दाखवला. दोराचे नाव काढताच उसळला. म्हणाला, म्हशीला दावे असते, माणसाला नाही. ओटीवर हात धरून नेता ते पुरे. पाण्यात तरी मोकळा सोडा. मला पटले. खरे सांगायचे तर आनंदही झाला. बत्तीस वर्षे मुलांना कविता शिकवल्या, त्यांचा असा उपयोग कधी झाला नव्हता.

विसरण्याचे म्हणशील तर एखादी ओळ निसटते, नाही म्हणत नाही. पण निसटली की पाण्यातून तोच पुढची म्हणतो! चौथीत दुसऱ्या बाकावर बसायचा तेव्हा पाठांतरात कच्चा होता. आता मला शिकवतो. नदीची ती लांबलचक कविता आम्ही अशी दोघांत मिळून पुरी करतो. रहाट कुरकुरत असतो, ऊन पाण्यावर उतरते, आणि मला वाटते शाळा अजून सुटलेली नाही.

तेव्हा काळजी नसावी. लोभ दुरून पाठवत राहा.

तुझा,
बेनेडिक्टकाका


गिरीज
ता. ६ मार्च १९५१

चि. मार्था हिस आशीर्वाद.

तू माती द्यायला आलीस, दोन दिवस राहिलीस, माझ्यासमोर बसून जेवलीस. मी बोललो नाही. सगळ्यांना सांगितले, पायात गोळा आला. फादरांनाही तेच सांगितले. ते खोटे आहे.

तो जांभळाला वळून परत येत होता. मी नदीची कविता म्हणत होतो. नावाड्याच्या कडव्याशी आलो आणि मला तो दिसला, पाण्यातला नव्हे, बाकावरचा. चड्डीला शाई लागलेली, हेच कडवे चुकत असलेला. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. तोंड बंद होते.

मी गप्प झालो. त्याने पाय टाकला.

खाली दगड नव्हता. तो पाणी प्यायला, वर आला, हात मारू लागला. मी ओरडलो. भागूबाई दुसऱ्या काठावर होती, तीही ओरडली. रहाटावरचा गडी तिसरीकडून ओरडला. तिन्ही बाजूंनी त्याच्याच नावाच्या हाका. कुठल्या आवाजाकडे यायचे ते त्याला कळेना. तो वळत राहिला, मार्था. माझ्याकडे तोंड केले, पुन्हा पाठ केली. तेव्हा सगळ्यांना गप्प करून मी एक ओळ म्हटली असती तरी आला असता. मला एकही ओळ आठवली नाही. गड्याने उडी घातली तेव्हा उशीर झाला होता.

तू दोर सांगितला होतास. वहिनींना सांगायचे धैर्य अजून होत नाही.

बेनेडिक्ट


मुंबई
ता. १५ मार्च १९५१

ती. काकांस सा. न.

तुमचे पत्र चार दिवस उशाखाली होते. आजही तुम्हाला क्षमा केली असे लिहिता येत नाही. पण तुमच्याप्रमाणे मीही घरी एक गोष्ट बोलले नाही, ती सांगते.

जानेवारीच्या अखेरीस क्लेमेंटचे पत्र आले होते. नेहमी त्याची पत्रे तुम्ही लिहून देत होता. हे त्याने शेजारच्या पॉलिनकडून लिहवून घेतले. त्याने दोर मागवला होता. सुती, हात सोलणार नाही असा. त्याने लिहिले होते की काका आता फार विसरतात, मी ओळ पुरवतो म्हणून निभते. तू लिहिलेस तेव्हाच मला दोर हवा होता, पण पायरीवर बसले की काका खुलतात. दोर आला तर त्यांना काम उरणार नाही, म्हणून दाव्याचे निमित्त काढले. आता तू स्वतः घेऊन ये, म्हणजे तुझ्या हट्टाने बांधला असे होईल आणि त्यांना लागणार नाही.

दोर मी लगेच घेतला. पण ईस्टरला येईन तेव्हाच आणीन असे ठरवले. त्या दिवशी तो माझ्या ट्रंकेत होता, काका.

पार्सलने पाठवत आहे. इथे मला तो पाहवत नाही. आईला तुम्हीच सांगा. माझेही सांगा.

आपली,
मार्था


गिरीज
ता. २ एप्रिल १९५१

चि. मार्था हिस,

दोर पोचला. वहिनींना आधी माझे सांगितले, मग तुझे पत्र वाचून दाखवले. त्यांनी ऐकले आणि आत गेल्या. तेव्हापासून माझे ताट पॉलिन आणून देते.

जांभळापासून पायरीपर्यंत दोर बांधला आहे. एकेका हाताच्या अंतरावर गाठी मीच मारल्या. कुणासाठी, असे पॉलिनने विचारले. मी पुढची गाठ आवळली. भागूबाई टोपली घेऊन पलीकडच्या वाटेने जाते.

सकाळी पायरीवर बसतो. नावाड्याचे कडवे आता चुकत नाही. कविता संपली की दुसरी धरतो, ती संपली की तिसरी, कारण गप्प व्हायला भीती वाटते. पण माणसाचा दम पुरत नाही. केव्हातरी थांबावेच लागते. तेव्हा मी पाण्याकडे पाहत नाही.

लोभ मागायला तोंड उरलेले नाही, तरी मागतो.

बेनेडिक्टकाका